साठीनंतरची सुतारकी : घरी घडवलेली पहिली गिटार

गेल्या पंधरवड्यातील टपालात एका वाचक भगिनींचे पत्र होते. त्यांचे सासरे ७१ वर्षांचे, कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्यामुळे रक्त गोठू न देणारी गोळी रोज चालू आहे. नात गिटार शिकू लागल्यापासून त्यांनी एकच ध्यास घेतला आहे : तिची गिटार आपण स्वतःच्या हाताने घडवायची. घरात त्यावरून दोन तट पडले आहेत. पत्राच्या अखेरीस प्रश्न आहे, ‘आम्ही बाबांना परवानगी द्यावी का?’

प्रश्न रास्त आहे, ‘परवानगी’ हा शब्द मात्र खटकतो. ज्या हातांनी ३५-४० वर्षे कानस आणि करवत चालवली, त्या हातांना घरच्यांच्या परवानगीवर बसवून ठेवणे ही देखील एक इजाच आहे. ती क्ष-किरण चित्रात दिसत नाही एवढेच. तथापि घरच्यांची भीती पोकळ नाही. धारदार हत्यार, बारीक धूळ, उग्र वासाची पॉलिशे या साऱ्यांशी वृद्ध शरीराचे नाते तरुण शरीरासारखे नसते. म्हणून ‘करावे की करू नये’ यापेक्षा ‘कोणती कामे स्वतः करावीत, कोणती बाहेरून तयार आणावीत आणि कोणत्या ऋतूत काय हाती घ्यावे’ हा विचार अधिक उपयोगी पडेल. घरी कुणी सतार दुरुस्त करीत असेल वा नातवंडांसाठी लाकडी खेळणी करीत असेल, तर त्यांनाही यातील पुष्कळसे लागू पडावे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. गिटार घडवल्याने स्मृतिभ्रंश टळतो किंवा सांधे मोकळे होतात, असे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. हे औषध नव्हे. हे काम आहे, आणि काम म्हणूनच त्याची किंमत आहे.

या कामाचा स्वभाव मात्र उतारवयाला मानवणारा आहे. गिटारीत जोर लावण्याचे प्रसंग थोडे आणि थांबण्याचे प्रसंग फार. सरस लावला की तो वाळेपर्यंत थांबायचे, लाकूड आणले की ते घरच्या हवेला सरावेपर्यंत थांबायचे, पॉलिशचा एक हात दिला की दुसऱ्यासाठी थांबायचे. दिवसाला एकच जोड, असा नेम ठेवला तर अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ बसावे लागत नाही. ज्यात दांडी कोरलेली, कडेच्या पट्ट्या वाकवलेल्या आणि पुढची-मागची फळी पातळ केलेली मिळते, अशा तयार भागांच्या संचापासून सुरुवात केली, तरी पहिल्या गिटारीला साठ-सत्तर तास सहज लागतात. रोज अर्धा तास धरला तर हे चार-साडेचार महिन्यांचे काम झाले. घाई करणाऱ्या तरुणाला जे जाचक वाटते, तेच इथे सोयीचे ठरते.

असा संच घेणे म्हणजे फसवणूक, असे काही जुन्या कारागिरांना वाटेल. मला तसे वाटत नाही. कडेच्या पट्ट्या सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या असतात आणि त्या ओल्या करून तापलेल्या लोखंडी नळीवर दाबत वाकवाव्या लागतात. मधुमेहामुळे ज्यांच्या बोटांची संवेदना मंदावली आहे, त्यांना भाजल्याचे कळण्याआधीच कातडी जळून गेलेली असते. हे काम पहिल्या गिटारीत टाळल्याने काहीही बिघडत नाही. वाद्याचा खरा जीव दुसरीकडे आहे.

तो कुठे आहे, हे स्पेनमधील एका सुताराने फार पूर्वी दाखवून दिले. आज्च्या शास्त्रीय गिटारीचे रूप ज्याच्या हाताने ठरले, तो आंतोनियो दे तोरेस हा आल्मेरिया भागातला मनुष्य, १८१७ साली जन्मलेला. १८६२ मध्ये त्याने एक गिटार अशी केली की, तिची पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या. केवळ पुढची फळी लाकडाची. आवाज प्रामुख्याने पुढच्या फळीतून येतो, हे त्याला दाखवायचे होते. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आपल्या दृष्टीने यातला बोध व्यवहाराचा आहे : पैसा आणि श्रम पुढच्या फळीवर खर्चावेत. पाठीसाठी आणि कडांसाठी महागडे शिसवी लाकूड असलेच पाहिजे असा हट्ट धरू नये.

शिसवीचा हट्ट नको, याला आरोग्याचेही कारण आहे. आपल्या शिसवीला जगभरच्या गिटारी करणाऱ्यांकडून मागणी असते, पण शिसवीच्या जातीतील लाकडांची धूळ काहींच्या त्वचेवर पुरळ आणते, काहींना शिंका आणि धाप लावते. पुढच्या फळीसाठी साधारणतः स्प्रूस किंवा सीडर वापरतात. त्यापैकी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील तांबड्या सीडरच्या धुळीतील एका आम्लामुळे लाकूड कामगारांना दमा जडल्याचे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. म्हणून घरात कुणाला दमा वा श्वसनाचा जुना विकार असेल, तर स्प्रूसच घ्यावे. मुळात कोणत्याच लाकडाची धूळ निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीची गणना माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या गोष्टींत केली. तो धोका प्रामुख्याने वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांचा आहे, आणि एका गिटारीने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण नातू शेजारच्या खोलीत झोपलेला असताना पॉलिश पेपरने घासत बसण्याचेही कारण नाही.

उपाय साधा आहे. धूळ होते ती घासण्याने, विशेषतः यंत्राने घासण्याने. रंधा आणि पोलादी खरवडपट्टी यांनी लाकडाच्या सुरळ्या निघतात. त्या जमिनीवर पडतात, हवेत तरंगत नाहीत. तेव्हा जेवढे काम रंध्याने होईल तेवढे रंध्याने करावे आणि पॉलिश पेपर अखेरच्या हातासाठी राखावा. घासताना एन-९५ प्रतीचा मुखपट्टा नाकावर घट्ट बसलेला असावा. साधा कापडी रुमाल बारीक धूळ अडवीत नाही. ज्यांना फुप्फुसांचा विकार आहे त्यांना असा मुखपट्टा लावूनच दम लागू शकतो. त्यांनी घासण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे किंवा आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर नेत्रतज्ज्ञांनी मोकळीक देईपर्यंत भुशाच्या जवळही जाऊ नये.

घरच्यांना भीती वाटते ती पटाशीची. मला अधिक भीती वाटते ती फरशीची. गुळगुळीत लादीवर पडलेला भुसा आणि लाकडाच्या सुरळ्या पायाखाली साबणासारख्या सरकतात, आणि सत्तरीत खुब्याचे हाड मोडणे ही बोट कापण्यापेक्षा किती मोठी आपत्ती आहे, हे ज्या घरात घडले त्यांना सांगावे लागत नाही. कामाच्या जागी खाली जाड रबरी चटई असावी, तिच्या कडा उचललेल्या नसाव्यात. पायात मागून बंद असलेले, रबरी तळव्याचे पादत्राण असावे. उठण्यापूर्वी भोवतालचा भुसा ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. कोरड्या केरसुणीने झाडला तर तीच धूळ पुन्हा हवेत जाते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी वाकून काम केल्यावर एकदम उभे राहू नये. टेबल उभ्याने कोपराच्या किंचित खाली येईल एवढ्या उंचीचे असावे आणि मागे टेकता येईल असा उंच स्टूल जवळ असावा.

आता पटाशीकडे वळू. बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेले हत्यार सटकते. दोन्ही हात धारेच्या मागे, हा एकच नियम पाळला आणि लाकूड हाताने न धरता शिकंज्यात पकडले, तर बहुतेक जखमा होतच नाहीत. रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी काम करताना घरात कुणीतरी असेल अशीच वेळ निवडावी. कापलेच तर स्वच्छ फडक्याने जखम घट्ट दाबून धरावी, हात उंच ठेवावा आणि पूर्ण दहा मिनिटे फडके उचलून पाहू नये. पंधरा मिनिटांत रक्त थांबले नाही, तर तडक दवाखाना गाठावा. हत्याराचे काम करायचे आहे म्हणून गोळी मनाने बंद करणे हा शुद्ध वेडेपणा होय. त्या गोळीने टळणारा पक्षाघात कोणत्याही जखमेपेक्षा भयंकर असतो. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे उलटली असतील तर काम सुरू करण्याआधी ती घ्यावी. विजेची करवत आणि राउटर यांना मात्र या वयाच्या पहिल्या गिटारीत जागा नाही. या मुद्द्यावर मी घरच्यांच्या बाजूचा आहे.

अंगठ्याच्या मुळाशी दुखणे ही उतारवयातील अगदी सार्वत्रिक तक्रार. गिटारीच्या पुढच्या फळीला आतून बारीक आधारपट्ट्या चिकटवाव्या लागतात, आणि त्यासाठी स्क्रूचे पंधरा-वीस शिकंजे आवळायचे म्हटले तर दुखरा अंगठा दुसऱ्या दिवशी चहाचा कपही उचलू देणार नाही. यावर गिटार करणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे. टेबलाच्या वर दोन-अडीच फुटांवर एक भक्कम फळी चार खांबांवर बसवायची. मग त्या दोन पृष्ठभागांमधल्या अंतरापेक्षा किंचित लांब अशा बांबूच्या लवचिक काड्या वाकवून मध्ये अडकवायच्या. काडी सरळ होऊ पाहते आणि खालच्या पट्टीवर एकसारखा दाब देते. आवळणे नाही, पिळणे नाही. काडी सटकून उडू शकते, म्हणून चष्मा हवाच. फळी कडांना जोडताना आत एक खाचा पाडलेली लवचिक पट्टी चिकटवतात. तिच्यासाठी तर कपडे वाळत घालण्याचे चिमटेच वापरतात. पकड कमी वाटली तर वर रबर बँड गुंडाळावे. पटाशीच्या आणि कानशीच्या मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की मूठ जाड होते आणि बोटांना कमी आवळावे लागते.

सरस लावण्याचा प्रश्न ऋतूशी बांधलेला आहे, आणि महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी तो नीट समजून घ्यावा. लाकूड लांबीला बदलत नाही, रुंदीला बदलते. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना सुमारे ३७ सेंटिमीटर रुंदीची स्प्रूसची फळी पाणी शोषून फुगते. तिला आडव्या आधारपट्ट्या त्याच अवस्थेत चिकटवल्या आणि पुढे कोरड्या हिवाळ्यात ती तीनेक मिलिमीटर आकसू पाहिली, तर पट्ट्या तिला आकसू देत नाहीत. फळी उभी तडकते. म्हणूनच गिटारीचे कारागीर ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत हा जोड करतात. आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र काही शे रुपयांत मिळते, ते भिंतीवर टांगावे. देशावर दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने या कामाला उत्तम. मुंबई-कोकणातल्या वाचकांनी वातानुकूलित खोलीत फळी आणि पट्ट्या काही दिवस ठेवून तिथेच सरस लावावा. पावसाळा वाया जात नाही. दांडीला आकार देणे, साचे करणे, टाकाऊ तुकड्यांवर रंध्याचा हात बसवणे ही कामे तेव्हा करावीत. मिरजेच्या सतारमेकरांकडे कधी जाणे झाले तर वाळत ठेवलेले भोपळे पाहावेत; भोपळा पुरता वाळल्याखेरीज तिथे कुणी त्याला हत्यार लावीत नाही.

आता या कामातील सर्वांत सुंदर भागाकडे येतो. आधारपट्ट्या चिकटवून झाल्या की त्या थोड्या थोड्या तासत न्यायच्या आणि मधून मधून फळी दोन बोटांत हलकी धरून अंगठ्याच्या पेराने तिच्यावर टकटक करायची. बाजारात माठ घेताना वाजवून पाहतो तसेच. पट्ट्या जाड असताना आवाज बसका, आखूड येतो. तासत गेले की तो मोकळा होतो, रेंगाळू लागतो. कुठे थांबायचे हे कान सांगतो. ‘मला आता ऐकू कमी येते, मला हे कसे जमणार?’ अशी शंका अनेकांना येईल. वयोमानाने येणारे बहिरेपण सहसा उंच स्वरांपासून सुरू होते. म्हणून पक्ष्यांची किलबिल आणि बोलण्यातले ‘स’, ‘श’ आधी निसटतात. गिटारीच्या पोकळीचा मूळ नाद सेकंदाला १०० कंपनांच्या आसपास असतो, पुढच्या फळीचा सुमारे २००. सहा मोकळ्या तारांचे स्वर ८२ पासून ३३० पर्यंत. हा सारा खालचा प्रदेश आहे आणि बहुतेक वृद्धांच्या कानांत तो बऱ्यापैकी शाबूत असतो. शिवाय फळी हातात असते. कंप बोटांनाही कळतो. ज्या आजोबांना दूरदर्शनवरची बातमी नीट ऐकू येत नाही, त्यांना लाकडाचा नाद ओळखता येईल, हे घरच्यांनी लक्षात घ्यावे.

फ्रेट, म्हणजे सतारीच्या भाषेत पडदे, बसवण्याच्या खाचा तयार पाडलेल्या घ्याव्यात. त्यांचे गणित मात्र नातवंडांना करू द्यावे. तारेची लांबी ६५० मिलिमीटर असेल तर तिला १७.८१७ ने भागायचे, म्हणजे पहिला पडदा सुमारे ३६.५ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचे, की दुसरा. बारावा पडदा बरोबर निम्म्यावर, ३२५ ला पडतो. एवढे जुळले की पोरे खूश. पडदे हातोडीने ठोकण्याऐवजी शिकंज्यात दाबून बसवले तर मनगटाला हिसके बसत नाहीत.

पॉलिशसाठी चपड्याचे फ्रेंच पॉलिश उत्तम. ते स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने चोळतात. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जवळपास देवघरातला दिवा, उदबत्ती वा गॅस पेटलेला नसावा. फवारून मारायची रासायनिक लॅकर घरात आणूच नयेत.

काळजी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. तुमचे काम हत्यार हातातून घेण्याचे नव्हे, तर हत्याराला आठवड्यातून एकदा धार लावून आणण्याचे आहे. उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंनी प्रकाश पडेल असे दोन दिवे लावून द्या, मोठे भिंग आणून द्या, अर्ध्या तासाने चहाला हाक मारा. जोड किंचित वाकडा झाला तर तो ‘नीट करून’ देऊ नका. विचारले तरच हात लावा. हातांना कंप असेल तर पटाशीचे काम वाटून घ्यावे, घासणे आणि पॉलिश त्यांच्याकडे ठेवावे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल तर तेच, आणि शेजारी कुणीतरी सतत बसलेले असावे. आजार पुढे गेला असेल तर धारदार वस्तू खोलीत राहू नयेत. ही मर्यादा कधी आली हे ठरवणे अवघड असते. ठरवताना त्या व्यक्तीला वगळून कुजबुजत ठरवू नका; कालच्या कामात काय अवघड गेले, हे त्यांनाच विचारा. पुष्कळदा उत्तर ते स्वतःच देतात.

तारा चढवताना नायलॉनच्याच घ्याव्यात. सहा पोलादी तारांचा एकूण ताण ७० किलोच्या घरात जातो, नायलॉनचा सुमारे ४० किलो; नवख्याने केलेल्या जोडांना आणि वाजवणाऱ्याच्या बोटांना, दोघांनाही हे सुसह्य. घोडी चिकटवल्यावर निदान दोन दिवस जाऊ द्यावेत, आणि पहिल्यांदा तारा ताणताना चेहरा घोडीच्या समोर नसावा. जोड कच्चा राहिला असेल तर ती उखडून उडते. पहिल्या दिवशी तारा सैलच ठेवाव्यात, दुसऱ्या दिवशी थोड्या चढवाव्यात, तिसऱ्या दिवशी सुरात आणाव्यात. नायलॉन पहिला आठवडाभर ताणत राहते, त्यामुळे रोज सकाळी गिटार उतरलेली आढळेल. खुंट्या पुन्हा पुन्हा पिळाव्या लागतात. त्यासाठी वाद्यांच्या दुकानात हँडल असलेले एक स्वस्त साधन मिळते, ते आधीच आणून ठेवावे.